फर्स्ट की बिझनेस? दोघं मिळून जाणार असाल तर

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना जर्मनी नवी नाही. दर चार वर्षांनी ड्युसेलडॉर्फला ओतकामाचं गीफा प्रदर्शन भरतं, आणि तिकडं जायचं म्हणजे इकॉनॉमीत पाय आखडून बसायचं हे आपण सगळ्यांनी केलंय. आता विचारणारे निराळे असतात. मुलगा-सून तिकडं, आपण दोघं साठीपुढचे, माइल्स (विमान कंपनी प्रवासावर देते ते गुण) बऱ्यापैकी साठलेत, मग विमानात एकदा फर्स्ट क्लास करावं की बिझनेसवरच भागवावं? दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितोय. जेवणाचं, लाउंजचं, पायजम्याचं कौतुक इथं करत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खरा मुद्दा सीट निवडण्याचा. फर्स्टमध्ये निवड बहुतेक ठिकाणी फुकट असते हे खरं, पण निवडायला जागा असतात किती? दुबईमार्गे जाणाऱ्या एमिरेट्सच्या जुन्या बोइंग ७७७ मध्ये फर्स्टचे सूट, म्हणजे दार लावता येणाऱ्या खोलीवजा सीटा, ८; रांगेत एक-दोन-एक, खिडक्यांना एकेक आणि मधे दोन. म्हणजे शेजारी-शेजारी बसता येईल अशा जोड्या दोनच. त्यांच्याच मोठ्या ए३८० विमानात सूट १४, तिथं जरा बरं. बिझनेसमध्ये उलटं आहे. ब्रिटिश एअरवेजमध्ये लंडनला जाताना बिझनेसचं तिकीट असूनही आधीपासून सीट धरून ठेवायची तर पैसे पडतात, फुकट हवी तर सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत थांबायचं. स्विसमध्ये एकट्यानं बसायच्या ऐसपैस सीटला वेगळे पैसे. आता मुंबईचं विमान धरायला आपण बेळगावहून गाडीनं निघतो तेव्हा हे २४ तास नेमके निपाणी-कागलच्या आसपास सुरू होतात. सीट धरायला घरी कुणा पोराला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मला ज्या गोष्टीनं फर्स्टवरून उतरवलं ती हीच. कंपनीचं नाव घेत नाही. बुकिंगच्या दिवशी मधली एक जोडी सीटांच्या नकाशात मोकळी दिसत होती, पण निवडता येईना. फोनवर उत्तर एकच, ‘काउंटरवर बघू.’ काउंटरवर गेलो तर ती दुसऱ्यांना देऊन झालेली. मी डाव्या खिडकीला, ही उजव्या खिडकीला, मधे दोन सूट आणि चार दारं. तिकीट दोघांचं, प्रवास एकेकट्याचा! हिला मधुमेह आहे. गोळी कधी, जेवण कधी, रात्री भूक लागली तर काय, हे सगळं शेजारी बसून हळू आवाजात होतं. तिथं प्रत्येक वेळी उठून, मोज्यांवर चालत, तिच्या दारावर टकटक करावी लागली. इतके पैसे मोजून (माइल्स म्हणजे पैसेच) रात्रभर पहारेकऱ्यासारखा फेऱ्या मारत होतो.

आता कर्मचाऱ्यांचं. फर्स्टमध्ये माणशी सेवा जास्त मिळते याबद्दल वाद नाही. नाव लक्षात ठेवतात, दुसऱ्या चहाला साखर नको हे न सांगता कळतं. पण ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी हा जो नियम आहे तो सुरक्षेसाठी. पुढच्या केबिनमध्ये त्यातले किती ठेवायचे हे कंपनी ठरवते. लांबच्या रात्रीच्या प्रवासात हे लोक आळीपाळीनं बंकवर झोपायला जातात. छोट्या फर्स्टमध्ये दोघं-तिघं असतील तर मध्यरात्री जागं एकच उरतं, आणि ते एखाद्या सूटमध्ये बिछाना घालत असलं की तुमची बेल वाजत राहते. निदान आमच्या वेळी असं झालं. बिझनेसच्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेत) कुणी ना कुणी जागं सापडलंच. अगदी हसतमुख नसेल, पण बिस्किटं लगेच मिळाली. (सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरूला जाणाऱ्या ७८ आसनी छोट्या एटीआर विमानात दोघंच असतात, पण तिथं तक्रार सुचायच्या आत विमान उतरतं.)

सामानाचं थोडक्यात. एमिरेट्सनं युरोपला जाताना फर्स्टला ५० किलो, बिझनेसला ४०. पण सांबऱ्याचं तिकीट वेगळं काढलं तर त्या विमानात १५ किलोच. वरच्या दहा किलोंत कुंद्याचे डबे बसतील म्हणून कुणी फर्स्ट घेत असेल तर तो हिशेब सांबऱ्यातच चुकतो.

एकटे जाणार असाल तर माझं म्हणणं फारसं मनावर घेऊ नका. दार लावून झोपायला फर्स्टसारखं काही नाही. ए३८० मध्ये तर शॉवरही आहे, पाणी पाच मिनिटांचं असलं तरी उतरताना माणूस ताजा असतो. आमच्या ओळखीतले एक डॉक्टर दरवेळी फर्स्टच घेतात, आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असावं.

दोघं असाल तर मात्र मी बिझनेसकडे झुकतो, तेही विमान बघून. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये बिझनेसची रांग दोन-तीन-दोन अशी आहे, मधला माणूस अडकतो, तिथं एवढे पैसे घालू नयेत. ए३८० मध्ये बिझनेसला ७६ सीटा, सगळ्या एक-दोन-एक, आणि हे विमान मुंबईहून मिळतं, २०२२ पासून बेंगळुरूहूनही. ७६ मध्ये मधल्या जोड्या भरपूर, एक गेली तर दुसरी. फक्त निवडताना अक्षर बघा. ई आणि एफ या अगदी शेजारी-शेजारी. डी आणि जी घेतल्या तर मधे दोन्ही बाजूंची टेबलं येतात, आणि हिला गोळी द्यायला परत उठावंच लागतं.