आठ महिने एचटॉप वापरल्यावर : आकडे बरोबर होते, मीच चुकीचं वाचत होतो

लिनक्सवर चालणारा माझा सर्व्हर छोटाच आहे. सीपीयूचे ८ कोअर, १६ जीबी रॅम; त्यावर एक डेटाबेस, एक वेबसाइट आणि रात्रीचा बॅकअप, एवढाच संसार. पूर्वी काही अडलं तरच साधं टॉप उघडायचो, म्हणजे मशीनवर काय चालू आहे आणि ते किती सीपीयू-रॅम खातंय ते दाखवणारी कमांड. आठ महिन्यांपूर्वी त्याच धर्तीचं एचटॉप टाकलं आणि तेव्हापासून ते एका टर्मिनलमध्ये कायम उघडं असतं. देखणं आहे, माउस चालतो, एफ५ दाबलं की कुठली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) कुणाच्या पोटातून निघाली ते झाडासारखं दिसतं. वापरायला सोपं. वाचायला सोपं नाही, हे कळायला मात्र दोन महिने गेले.

पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. डेटाबेसच्या तीसेक ओळी, आणि प्रत्येकीच्या आरईएस (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) रकान्यात १.९ जी. बेरीज ५७ जीबी, मशीनमध्ये १६! या ओळी म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेस नव्हत्याच, एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारे थ्रेड होते आणि मेमरी सगळ्यांची सामाईक. कॅपिटल एच दाबला, थ्रेड लपले, एक ओळ उरली. व्हर्ट रकान्याकडे तर आता मी बघतच नाही. प्रोग्रॅमने किती पत्ते राखून ठेवलेत तो आकडा आहे, प्रत्यक्ष रॅम किती खाल्ली तो नव्हे.

मग रॅमचा पट्टा. तो जवळजवळ शेवटपर्यंत भरलेला दिसायचा, म्हणून मी रोज मध्यरात्री डेटाबेस बंद करून कॅश रिकामी करणारी स्क्रिप्ट लावली. (आता सांगायला लाज वाटते.) परिणाम असा की सकाळी पहिला तासभर साइट गोगलगाय. मोकळी रॅम लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि कुणी मागितली की त्यातली बरीचशी सोडून देतं. पट्ट्यातला पिवळा भाग तोच. रॅमचा हिशोब देणाऱ्या फ्री कमांडमध्ये ‘फ्री’खाली ३०० एमबी होते, ‘अव्हेलेबल’खाली ९ जीबी. बघायचा तो दुसरा. हा अंदाज कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच देतं, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. रॅम खरंच कमी पडतेय का, हे व्हीएमस्टॅट कमांडच्या एसआय आणि एसओ रकान्यांत कळतं. तिथे सतत आकडे हलत असतील तर स्वॅपची, म्हणजे रॅममधल्या मजकुराची डिस्कवर आणि परत, ये-जा चालू आहे. फक्त त्याची पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मी महिनाभर तीच वाचत होतो.

सगळ्यात जास्त फसवलं लोड ॲव्हरेजनं, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा खोळंबलेली आहेत त्या आकड्यानं. एका रात्री लोड २३, आणि सीपीयूचे आठही पट्टे जवळपास रिकामे. बॅकअपची बाहेरची डिस्क अडकली होती. तिच्यासाठी थांबलेल्या प्रोसेस एस रकान्यात ‘डी’ दाखवत होत्या, आणि मारल्या तरी मरत नव्हत्या. इतर अनेक युनिक्स प्रणालींत लोड म्हणजे सीपीयूसाठीची रांग. लिनक्समध्ये १९९३ पासून या ‘डी’वाल्याही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे ‘लोड कोअरपेक्षा कमी हवा’ हा सल्ला अर्धाच खरा. डिस्क ओढून काढली आणि लोड हळूहळू उतरला. लगेच नाही, कारण ती सरासरी आहे, मागचं विसरायला वेळ घेते.

एका प्रोसेसपुढे ४०० टक्के दिसलं तर घाबरू नका, १०० म्हणजे एक कोअर. आयओवेट मात्र जपून वाचा. डिस्कची वाट बघण्यात सीपीयूचा गेलेला हा वेळ, म्हणजे त्याच्या रिकाम्या वेळेचीच एक जात आहे. डिस्क तितकीच रखडलेली असताना मी शेजारी एक मोठं गणित चालवलं, तर आयओवेट खाली आला! (एचटॉपमध्ये तो आपोआप वेगळा दिसत नाही, एफ२ मधून सीपीयूचा सविस्तर तपशील चालू करावा लागतो.) तसंच डिस्कचा हिशोब देणाऱ्या आयओस्टॅट कमांडचं ‘युटिल’. एकाच वेळी अनेक कामं उचलणाऱ्या एसएसडीवर १०० टक्के म्हणजे डिस्क संपली असं नाही, दर क्षणाला काही ना काही काम चालू होतं इतकंच. मी ‘अवेट’ बघतो, म्हणजे एका मागणीला किती मिलिसेकंद लागले ते.

एचटॉपच्या वरच्या भागात आता मी पीएसआयचे (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) मीटर लावले आहेत. २०१८ च्या ४.२० कर्नलपासून ही सोय आहे. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत सीपीयू, मेमरी किंवा डिस्कपायी कामं किती टक्के वेळ खोळंबली, ते थेट कळतं. आठ महिन्यांत मला सर्वांत उपयोगी पडलेला आकडा हाच.

खरी उणीव एकच : एचटॉपला कालचं काही आठवत नाही. पहाटे ३ ला काय झालं ते ८ ला उठून कसं कळणार? म्हणून सोबत ठरावीक वेळाने आकडे नोंदवून ठेवणारं सार लावलं, आणि ते नावाप्रमाणे सारच देतं. माझ्याकडे ते दर १० मिनिटांनी नोंद घेत होतं. त्यात ४० सेकंद सगळे कोअर १०० टक्क्यांवर असले तरी नोंदीत ७ टक्क्यांच्या आसपासच दिसणार. ते अंतर मी १ मिनिटावर आणलंय. फायली मोठ्या होतात, होऊ देत.