पाहुण्यांना समुद्र दाखवायचाय: कावी-कंबोई की दमण?

नागपूरचे मावशी-काका बडोद्याला येतात आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, "समुद्र दाखवा." लक्ष्मी विलास पॅलेस बघून झालेला असतो. मग हे दोनच पर्याय सोयीचे.

अंतर: कावी-कंबोई जंबुसरमार्गे सुमारे ७५ किमी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दमणसाठी रेल्वेनं वापी, साधारण २२० किमी, पुढे रिक्षानं १२. एक मुक्काम धराच.

वेळेचं गणित कावी-कंबोईला फार कडक. तिथल्या स्तंभेश्वर महादेव मंदिरातली पिंड भरतीत बुडते, ओहोटीत उघडी पडते. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. गेल्या आठवड्यात कोणी सांगितलेली वेळ धरून गेलात की नुसतं पाणी बघून परत! निघायच्या दिवसाचीच वेळ विचारा. ओहोटीत दर्शन घ्या, मग वर थांबून पाणी चढताना बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं. दमणला वेळेचं असं बंधन नाही.

पाण्यात खेळणं: कावी-कंबोईला खंभातच्या आखाताचं पाणी गढूळ, खाली गाळ, चप्पल रुतते, पोहायचं नावच नको. दमणला जांपोरची वाळू सपाट, मुलांना बरी. देवका खडकाळ, तिथे अनवाणी नको. वर मोटी दमणचा पोर्तुगीज किल्ला. (काकांनी परतताना पिशवीत बाटली टाकली नाही ना, बघा, गुजरातेत दारूबंदी आहे.)

एकच दिवस हाताशी आणि देवदर्शनाची ओढ असेल तर कावी-कंबोई. मुलं बरोबर असतील तर दमण.