चित्रकाराचं स्वतंत्र संग्रहालय की असलेल्या संग्रहालयात दालन?

गावातला चित्रकार जातो, मागे घरभर चित्रं राहतात. घरचे आणि शिष्य म्हणतात, यांचं संग्रहालय व्हायला हवं. व्हायलाच हवं. पण ते स्वतः उभारायचं, सगळा ठेवा सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या हवाली करायचा, की चालू संग्रहालयात दालन मागायचं?

आधी चित्रं कशावर काढली आहेत ते पाहा. तैलचित्रं साधारण २०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाशात वर्षानुवर्षं भिंतीवर राहू शकतात. जलरंग आणि रेखाटनांना ५० लक्सच पुरे, शिवाय ती काही महिन्यांनी उतरवून अंधारात ठेवावी लागतात. एखाद्या जुन्या जलरंगाची फ्रेम उघडा. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागदाच्या कडेला तपकिरी पट्टा उमटलेला असतो. कागदावरचं काम जास्त असेल, तर दालनापेक्षा कोठार मोठं लागतं, आणि त्याची आर्द्रता रात्रंदिवस सांभाळावी लागते.

स्वतंत्र इमारतीत सगळे निर्णय आपल्या हातात राहतात, हे खरंच मोठं सुख. पण इमारतीला देणगीदार मिळतात, दहा वर्षांनंतरच्या पगारांना आणि वीजबिलाला मिळत नाहीत. कायमस्वरूपी निधी हाताशी नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

सरकारला द्यायचं तर जागा ठरवूनच द्या. फ्रेंच शिल्पकार रोदॅंने १९१६ मध्ये आपली शिल्पं फ्रेंच सरकारला दिली. तो काम करत होता त्याच वास्तूत संग्रहालय करायचं ठरलं होतं आणि १९१९ मध्ये ते उघडलंही. इंग्रज चित्रकार टर्नरनेही मृत्युपत्रात स्वतंत्र दालनाची अट घातली होती. तो १८५१ मध्ये गेला, आणि त्याच्या चित्रांसाठी बांधलेलं लंडनचं क्लोर दालन उघडलं १९८७ मध्ये! अट होती, पण ती वेळेत पाळली गेली नाही.

माझा कल दालनाकडे आहे. तिथे कोठार, पहारा आणि परिरक्षक (चित्रांची निगा राखणारे तज्ज्ञ) आधीच असतात. दालनात चित्रकाराचं घरपण हरवेल, ही भीती मला समजते. पण चित्रकार फ्रान्सिस बेकनचा लंडनमधला स्टुडिओ त्याच्या जन्मगावी, डब्लिनला, एका जुन्या कलादालनात जसाच्या तसा उभारला गेला. सात हजारांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आणि २००१ मध्ये तो लोकांसाठी उघडला. करारात मात्र तीन गोष्टी हव्यातच: कायम किती चित्रं भिंतीवर राहतील, बाहेरच्या प्रदर्शनाला परवानगी कोण देईल, आणि एकही चित्र विकलं जाणार नाही. चित्रं दिली म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही, त्याचं वेगळं लिहून घ्या.

बोलणी वर्षभर चालतील. नोंदवहीला मात्र आजच सुरुवात करा. चित्रामागे पेन्सिलीने खरडलेलं अर्धवट नाव आणि तारीख वाचून ‘हे अमक्या साली, अमक्याच्या अंगणात काढलं’ असं सांगणारी माणसं आत्ता आहेत.