पिल्लाला दूध पाजायला सिरिंज की बाटली?

आईविना सापडलेलं, डोळेही न उघडलेलं मांजराचं पिल्लू घरी आणलं की दूध कोणतं, यावर फार वेळ जात नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता निघून जातं, म्हणून मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडरच आणायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते पाजायचं कशाने, यावर. मी दोन्हींनी पिल्लं वाढवली आहेत.

बिनसुईची सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये रात्रीसुद्धा मिळते, किंमत किरकोळ आणि माप चोख. १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी जेमतेम ४ मिली मावतं, तेव्हा सिरिंजवरच्या त्या बारीक रेघांचं मोल कळतं. चोखायचं बळच नसलेल्या पिल्लाला ओठाच्या कडेने थेंब थेंब देता येतो. बाटलीचं निपल अशा तोंडाला कधी कधी मोठंच पडतं.

शिवाय पुष्कळ निपलं बिनभोकाची येतात. तापवलेल्या सुईने भोक आपण पाडायचं. बाटली उलटी धरल्यावर थेंब हळूहळू टपकले तर ठीक, धार लागली तर ते निपल टाकून द्यायचं. पावडरची गुठळी अडकली की पिल्लू नुसती हवा ओढत बसतं, म्हणून दूध चहाच्या बारीक गाळणीतून गाळून घ्यायचं. ही सगळी खटपट आहेच.

तरी माझा कल बाटलीकडे गेला तो सिरिंजच्या दट्ट्यामुळे. नवी असते तोवर सिरिंज अगदी अलगद चालते. गरम पाण्यात चार-दोनदा धुतली की दट्ट्याच्या टोकाचं रबर आतून धरायला लागतं. अंगठ्याने दाबावं तर हलत नाही, थोडा जोर लावावा तर एकदम सुटतं आणि अर्धा मिली दूध एका झटक्यात घशात. पिल्लाला ठसका लागतो, नाकपुडीत दुधाचा बुडबुडा दिसतो. ते दूध फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि त्या वयात त्यातून पिल्लू वाचणं फार अवघड. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं. पहाटे तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, इतकं सगळं स्वतःच्या अंगठ्यावर सोपवणं मला जमेना. रोज नवी सिरिंज घेतली तर त्रास बराच कमी होतो, हे मान्य. हात हलका असलेल्यांना कदाचित तो जाणवणारही नाही.

बाटलीत वेग पिल्लाच्या ताब्यात राहतो. आईला लुचताना असतं तसं त्याला पोटावर ठेवायचं, उताणं कधीच नाही. निपल नीट धरलं की जीभ त्याला खालून कवळते, घोटागणिक कान मागेपुढे हलतात आणि पुढचे पंजे हवेत मळायला लागतात. कान थांबले की एक तर पोट भरलं किंवा भोक तुंबलं. सिरिंजने पाजताना ही खूण मला अशी स्वच्छ कधी दिसली नाही.

पाण्याचं म्हणाल तर या वयात वेगळं पाणी नको, दुधातूनच ते मिळतं. म्हणून अंगी लागावं या हौसेने पावडर घट्ट कालवू नका. अंगातलं पाणी कमी झालंय का, हे कातडी चिमटीत धरून पाहण्याची युक्ती इतक्या लहान पिल्लांत फसवी ठरते. त्यापेक्षा पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने शू करवताना कापसाकडे बघा. रंग फिका हवा. गडद पिवळा दिसला आणि हिरड्याही चिकट लागल्या, तर बाटली-सिरिंज दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या. ते कातडीखाली सलाइन देतात. अंग गार लागत असेल तर आधी ऊब, दूध नंतर. गार पिल्लाला ते पचत नाही.

सिरिंज घरात असू द्याच, बाटलीत दूध मोजून घालायला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करा. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास भर पडत असली की पाजणं बरोबर चाललंय. पिल्लू निपल धरतच नसेल तर तेवढ्यापुरती सिरिंज घ्या, तीही नवी कोरी, आणि अंगात थोडं बळ आलं की पुन्हा बाटली लावून पाहा.