मिथाइलफेनिडेट की ॲटोमॉक्सेटिन? आणि डॉक्टर कोल्हापूरचा की पुण्याचा?

मोठेपणी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, उतावळेपणा यांचा विकार) निदान होतं तेव्हा अनेकांच्या फायलीत नैराश्याची चिठ्ठी आधीपासूनच असते. एस्सिटालोप्राम किंवा सेर्ट्रालिन ही नैराश्याची गोळी चालू असते, रडू थांबलेलं असतं, पण वीजबिल थकलेलं, गाडीची किल्ली रोज हरवलेली आणि हातातलं काम अर्ध्यावर पडलेलं. अशा माणसापुढे दोन प्रश्न येतात: औषध कोणतं आणि डॉक्टर कुठला. लोक ते वेगवेगळे सोडवायला जातात. कोल्हापुरात राहून ते वेगळे करता येत नाहीत, आणि माझी निवडही तिथेच ठरली.

एडीएचडीवरच्या अमेरिकन व्हिडिओंतली ॲडरॉल ही गोळी भारतात मिळत नाही, ती सोडून द्या. खरी निवड मिथाइलफेनिडेट (इन्स्पिरल, ॲडवाइज) आणि ॲटोमॉक्सेटिन (ॲक्सेप्टा, ॲटेन्ट्रॉल) यांच्यातली. गुणाला मिथाइलफेनिडेट उजवं, हे आधीच मान्य करतो. अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं. साधी गोळी तीन-चार तास टिकते, हळूहळू सुटणारी एसआर गोळी साधारण आठ तासांपर्यंत. बहुधा ५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून डॉक्टर आठवड्याला ५ ते १० मि.ग्रॅ. वाढवत नेतात, त्यामुळे उपयोग होतोय की नाही हे महिन्याच्या आत समजतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत पाळी बदलत असेल, तर डॉक्टरांशी बोलून डोसही पाळीबरोबर सरकवता येतो. एखादा दिवस चुकला तर तेवढाच दिवस जातो. भूक मरते, उशिरा घेतली तर झोप उडते, संध्याकाळी असर उतरताना चिडचिड होते. पण हे सगळं डोस आणि वेळ बदलून बरंचसं आटोक्यात येतं.

मग अडतं कुठे? चिठ्ठीत.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे आणि अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. हे औषध विकायला त्याच्याकडे फॉर्म २० एफचा वेगळा परवाना हवा, म्हणून गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते नसतं. व्हॉट्सॲपवरचा चिठ्ठीचा फोटो चालत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर हे औषध व्हिडिओ कॉलवर लिहूच शकत नाही. म्हणजे दर वेळी भेटीची वेळ घ्या, समोर जा, दोन प्रती आणा, परवाना असलेलं दुकान गाठा, आणि तिथे त्या ताकदीची गोळी संपलेली असेल तर वाट पाहा. चिठ्ठीवर तारीख, पत्ता, गोळ्यांची संख्या किंवा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक राहिला की पुन्हा दवाखान्यात.

तारीख लक्षात ठेवणं, कागद जपणं, रांगेत टिकणं आणि आठवड्याभरानंतरचा विचार आज करणं, नेमकी हीच कामं या माणसाला जमत नाहीत. जोडीला नैराश्य असेल तर मेडिकलवाल्याचं एक ‘नाही’ ऐकून पुढचे आठ दिवस घराबाहेर पाऊल पडत नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, या औषधाचा गैरवापर होतो. पण दर महिन्याला दोन-तीन ठिकाणी तुटू शकणारी साखळी तुम्हाला निभावता येईल का, हा प्रश्न औषधाच्या गुणाइतकाच मोठा आहे. घरात कुणी तारखा सांभाळणारं असेल आणि डॉक्टर जवळ असेल, तर मिथाइलफेनिडेट घेणारा चुकतोय असं मी म्हणणार नाही. तसं नसेल तर माझा कल ॲटोमॉक्सेटिनकडे आहे.

ॲटोमॉक्सेटिनला साधी चिठ्ठी पुरते. पण त्याचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाजाला सहा ते आठ किंवा त्याहूनही जास्त. दहाव्या दिवशी ‘काही होत नाही, नुसती मळमळ’ म्हणून सोडणारे पुष्कळ. मळमळीचं मोठं कारण म्हणजे रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहावर घेतलेली कॅप्सूल. आधी दोन भाकऱ्या, अंडं किंवा पोहे, मग कॅप्सूल. पहिले काही दिवस सकाळची मिसळ टाळलेली बरी. कॅप्सूल फोडून पूड घेऊ नये, ती डोळ्यांना झोंबते. मोठ्यांचा छापील सुरुवातीचा डोस ४० मि.ग्रॅ., पुढे ८०, कमाल १००. पण १८ किंवा २५ पासून हळू चढवलेलं पोटाला मानवतं असा माझा अनुभव, डॉक्टरांना तसं विचारून पाहा. सुस्ती येत असेल तर कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर घेता येईल का, हेही विचारा. लघवी अडखळणं आणि लैंगिक अडचण या दोन गोष्टी लोक डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप औषध बंद करतात. सांगा, डोस बदलता येतो. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर मात्र वाट पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. मधे बरेच दिवस खंड पडला, तर एकदम जुन्या डोसवर उडी न मारता आधी फोन करा.

नैराश्यासोबत एक गाठ नीट पाहावी लागते. ॲटोमॉक्सेटिन यकृतातल्या सीवायपी २डी६ या एन्झाइमने मोडतं. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि बुप्रोपिऑन ही नैराश्याची औषधं हेच एन्झाइम अडवतात. मग ४० मि.ग्रॅ.चा परिणाम कितीतरी मोठ्या डोससारखा होतो: छातीत धडधड, घाम, बीपी वर. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे अंगात राहतं, म्हणून ‘ते मी सोडलं’ एवढं सांगून भागत नाही, कधी सोडलं ती तारीख सांगा. सेर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामबरोबर हा गुंता बराच कमी. शिवाय ॲटोमॉक्सेटिन नैराश्याचं औषध नव्हे, ते सुरू झालं म्हणून आधीची गोळी परस्पर बंद करू नये. नैराश्य गडद असेल, जेवणझोप गेली असेल, तर आधी त्याचा उपचार आणि एडीएचडीचं औषध मागून. मरणाचे विचार येत असतील तर आधी ते सांगायचे. भेटीला वेळ असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आता डॉक्टर. पुण्यात मोठ्यांचा एडीएचडी रोज पाहणारे जास्त सापडतात, यात वाद नाही. पण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाऊन येण्यात दिवस मोडतो, आणि डोस ठरेपर्यंत महिन्यातून दोन भेटी लागू शकतात. गुंतागुंत असेल, म्हणजे घरात कुणाला बायपोलर आहे किंवा निदानाबद्दलच शंका आहे, तर एकदा पुण्याला जाऊन लेखी अहवाल आणावा आणि पुढचं औषध कोल्हापुरात चालवावं. बाकीच्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. खर्चाची ओढाताण असेल तर कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय सीपीआर आहेच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर वेळी तोच डॉक्टर भेटेल असं धरू नका, म्हणून केस पेपर आणि औषधांचा इतिहास स्वतःजवळ ठेवा.

राजारामपुरी असो वा ताराबाई पार्क, वेळ घेण्याआधी फोनवर दोनच प्रश्न विचारा: मोठ्यांचा एडीएचडी पाहता का, आणि शेड्यूल एक्सची चिठ्ठी देता का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी डॉक्टर वाईट ठरत नाही, फक्त तुमचा एक रस्ता बंद आहे हे आधी कळतं. पहिल्या भेटीत दहा मिनिटांत निदान करणारा आणि ‘डिग्री झाली ना, मग एडीएचडी कसला’ म्हणणारा, दोघांकडूनही उठून यावं. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासूनची लागतात. म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, ‘हुशार आहे पण लक्ष नसतं’ हा बाईंचा शेरा तिथे कामाला येतो. शक्य तर आईला किंवा थोरल्या भावंडाला सोबत न्या. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ यांचे अहवाल, बीपी आणि नाडीची नोंद, चालू औषधांची यादी हवी. घरात कुणी लहान वयात हृदयविकाराने अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

तालमीत किंवा फुटबॉल संघात स्पर्धेसाठी उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: मिथाइलफेनिडेट ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात बंदी असलेलं आहे आणि त्यासाठी आगाऊ वैद्यकीय सवलत घ्यावी लागते. ॲटोमॉक्सेटिनवर तशी बंदी नाही.

पूर्ण डोसवर आठ आठवडे काढूनही चहा गॅसवर तसाच उतू जात असेल, तर मी ॲटोमॉक्सेटिनला चिकटून बसा म्हणणार नाही. मिथाइलफेनिडेटकडे वळा, फक्त डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी परवानावाल्या मेडिकलला फोन करून कोणती ताकद शिल्लक आहे ते विचारून घ्या. आणि औषध कोणतंही असो, शेवटच्या सात गोळ्या उरल्या की त्या पट्टीला रबर लावा आणि पुढची भेट त्याच दिवशी ठरवा.