घरी बांधलेल्या विमानाच्या नाकात 20 सीसी पेट्रोल इंजिन: काही महिने वापरल्यानंतर

घरी विमान बांधतोय म्हटलं की मुंबईत लोक लगेच कॅप्टन अमोल यादवांचं नाव काढतात. चारकोपच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं आणि 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. माझं प्रकरण एवढं मोठं नाही. भांडुपच्या वन बीएचकेत बांधलेलं, बाल्सा-प्लायचं, साधारण दोन मीटर पंखांचं रेडिओ कंट्रोल मॉडेल. आधी ग्लो इंजिन होतं. मिथेनॉलचं इंधन महाग, वर प्रत्येक उड्डाणानंतर शेपटीपर्यंत उडालेलं इंधनातलं एरंडेल पुसत बसा. म्हणून दिवाळीनंतर 20 सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलं.

इंजिनावर मी खूश आहे. चोक लावून काही झटके, चोक काढून एक-दोन, की सुरू. पण ते कसं चालणार हे निम्मं कंपनी ठरवते आणि निम्मं तुम्ही बांधलेलं नाक.

ग्लोसाठी केलेल्या फायरवॉलवर (नाकातली, इंजिन जिच्यावर बसतं ती भिंत) भरवसा ठेवू नका. एका सिलिंडरचे हादरे जबरी असतात. मी 6 मिमी बर्च प्लाय घातला, मागून त्रिकोणी पट्ट्या, वरून इपॉक्सीचा हात. एम-5चे ॲलन बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. उजवा थ्रस्ट, म्हणजे शाफ्टचा उजवीकडे कल, दोन अंश ठेवलाय. फायरवॉलपासून प्रॉपेलरपर्यंत 110 मिमी अंतर असेल, तर तेवढ्यानेच शाफ्ट जवळपास 4 मिमी उजवीकडे सरकतो. म्हणून माउंटिंगची भोकं तेवढीच डावीकडे घ्यायची, नाहीतर स्पिनर (प्रॉपेलरची टोपी) काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, मधोमध बसत नाही.

खरा घाम काढला तो काउलिंगने. हवा आत यायला भोकं सगळेच पाडतात, बाहेर पडायची वाट कुणी ठेवत नाही. गरम हवा फुगते, त्यामुळे बाहेरची वाट आतल्या भोकाच्या किमान दुप्पट हवी. मे महिन्यात मुरबाडकडच्या माळावर इंजिन फुल थ्रॉटलला मधेच दम टाकायचं. कार्ब्युरेटरची सुई फिरवून काही फरक पडेना. मग पातळ प्लायचा पडदा सिलिंडरच्या आकारात कापून बसवला, म्हणजे आलेली हवा बाजूने न निसटता सिलिंडरच्या फिन्समधूनच (थंडाव्याच्या पात्यांमधूनच) जाते. तेव्हापासून तक्रार नाही. (मुंबईत उडवायचा विचार सोडा. विमानतळाचा परिसर, पोलिसांचे मनाई आदेश. आवाज बघता सोसायटीच्या आवारात नुसतं सुरू करायलाही जाऊ नका.)

वजन वाढतं, आणि तेही अगदी पुढे. इंजिन, मफलर, इग्निशन मिळून नाक जड होतं. शिसं भरण्यापेक्षा मी रेडिओ रिसीव्हरची बॅटरी आणि शेपटीचे सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागे नेले. इग्निशन मात्र पुढेच, रिसीव्हरपासून फूटभर तरी लांब. थ्रॉटलचा दांडा नायलॉनचाच घ्या, धातूच्या सळईतून इग्निशनचा त्रास रिसीव्हरपर्यंत पोचू शकतो. ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करणारा किल स्विच न लावता कुणी उडवत असेल, तर मी त्याच्या शेजारी उभा राहणार नाही.

नावं ठेवायची तर मफलरला. त्याचे स्क्रू ढिले होतातच. साधं थ्रेडलॉक (आट्यांवर लावायचा गोंद) उष्णतेने मऊ पडतं, जास्त तापमानाचं घ्यावं लागतं. तरीही प्रत्येक वेळी निघण्याआधी ॲलन की फिरवतोच. सोबत आलेलं माहितीपत्रक निरुपयोगी आहे.

आणि इंधन. तीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे 30:1. हल्ली पंपावर मिळतं ते ई-20. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या डायफ्रॅमचं (आतल्या पातळ पडद्याचं) रबर कडक करतं. पावसाळ्यात इंजिन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवा, आणि डायफ्रॅमचा एक जादा संच इंजिनासोबतच मागवा. सुटा मागवायला गेलात तर त्याच्या किमतीपेक्षा कुरिअरच महाग पडतं.