पुढच्या टायरांवरचं ओझं: छोट्या हॅचबॅकचं वळण सुधारताना गेलेले ११ महिने

गाडी वजनकाट्यावर नेली आणि आधी फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घेतली. ५८५ किलो. मग अख्खी गाडी चढवली, ती भरली ९४० किलो. म्हणजे ६२ टक्के वजन पुढच्या दोन टायरांवर. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचंही त्यांचंच, ब्रेक लावला की बहुतेक भारही त्यांच्यावरच. मागची चाकं नुसती पाठोपाठ येतात. वळणात स्टेअरिंग आणखी फिरवलं तरी गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत राहते, ती यामुळेच. पुढच्या टायरला एका वेळी जेवढी पकड देता येते, तेवढी संपलेली असते.

माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ सोसणारा आडवा दांडा). एबीएस आहे, पण घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. शर्यतीत उतरायचं नव्हतं. रोजच्या रस्त्यावर, पावसात, घरची माणसं बसलेली असताना गाडीने सांगितलेलं ऐकावं एवढंच हवं होतं. ११ महिन्यांत साधारण १४,००० किलोमीटर झाले.

सुरुवातीलाच ठरवलं होतं की एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदल एकाच मापाने मोजायचा. परवानगी घेऊन एका मोकळ्या, बंद, डांबरी मैदानावर शंकू मांडून वर्तुळ आखलं. गाडी साधारण २० मीटर त्रिज्येवर फिरते असं. जेवढ्या वेगात गाडी रेष सोडत नाही तेवढ्या वेगात फेरी मारायची आणि सेकंद मोजायचे. सुरुवातीला एक फेरी १०.९ सेकंदांची होती, म्हणजे ताशी साडेएकेचाळीस किलोमीटरच्या आसपास. त्याहून जास्त दाबलं की नाक बाहेर. हे वर्तुळ नसतं तर मी स्वतःचीच समजूत घालत बसलो असतो, कारण नवीन पार्ट बसवून आल्यावर पहिल्या दिवशी गाडी सगळ्यांनाच भारी वाटते.

पहिला महिना नवीन काही न बसवता गेला. गाडी वर घेतली, लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीत, छोटी पहार घालून दाबली, तर रबराला अर्ध्याहून जास्त गोलाईत चीर पडलेली. वरून बुश अगदी धड दिसत होता. हा बुश फाटला की ब्रेक लावताना चाक मागे सरकतं, सरकलं की चाकाची दिशा बदलते, आणि आपण म्हणतो गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बुश बदलले, एका बाजूची लिंक रॉड खडखडत होती तीही बदलली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती मला महागात पडलेली आहे. आधीच्या वेळी एका गॅरेजमध्ये हेच बुश बसवताना चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट आवळले होते. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो, आवळलेलं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, दोन-तीन वेळा हलवून बसू द्यायचं आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. या वेळी शेजारी उभं राहून तसंच करून घेतलं. अकरा महिन्यांनी परवा पुन्हा पहार लावून पाहिली, रबर अखंड आहे.

नुसत्या बुशांनी फेरीचा वेळ काही कमी झाला नाही. पण ब्रेक मारताना स्टेअरिंग हातात शांत राहू लागलं. गाडीचा मूळ स्वभाव काय आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग टायर. जुन्या टायरांवर खाच २ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त उरली होती, म्हणजे टायर बदलायची वेळ सांगणाऱ्या १.६ च्या खुणेच्या वर. पण बाजूच्या भिंतीवरचे टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले तर ते सात वर्षांपूर्वीच्या चाळिसाव्या आठवड्याचे निघाले. रबर दगडासारखं झालं होतं, नख रुतत नव्हतं. रिम तेच ठेवून १७५/६५ आर१४ ऐवजी १८५/६० आर१४ घेतले. बाहेरचा व्यास ५८३ वरून ५७८ मिलिमीटरवर आला, जेमतेम १ टक्का फरक, म्हणून स्पीडोमीटरची चिंता राहिली नाही. मोठं रिम घालायचा मोह झाला होता. पण छोट्या गाडीला जड रिम म्हणजे प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगने जास्त वजन आवरायचं, त्यामुळे तो विचार सोडला. चारही टायर एकदम बदलले. दोनच घेणं शक्य असेल तर नवे टायर मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पावसात मागचा टायर आधी सुटला तर सावरणं फार अवघड.

फेरी १०.९ वरून १०.५ सेकंदांवर आली. अख्ख्या ११ महिन्यांतली ही सगळ्यात मोठी उडी, आणि ती रबराने दिली.

हवेचा दाब खडूने ठरवला. टायरच्या कडेपासून भिंतीवर उतरेल अशी खडूची जाड पांढरी रेघ तीन ठिकाणी ओढायची, वर्तुळात पाच-सहा फेऱ्या मारायच्या आणि उतरून पाहायचं. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या ३२ पीएसआयला पुढच्या बाहेरच्या टायरची रेघ भिंतीवर बोटभर खालपर्यंत पुसली गेली होती, म्हणजे टायर वळणात कुशीवर लोळत होता. ३५ ला रेघ बरोबर कडेपाशी पुसली जाऊन थांबली. मागे ३२ च ठेवली. हा दाब माझ्या गाडीचा आणि माझ्या टायरांचा आहे, तुम्ही तुमची रेघ ओढून पाहा. पंप आणि खडू, बाकी काही लागत नाही.

अलाइनमेंटच्या कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची कड आत) उणे ०.४ अंश होता आणि उजव्याचा जवळपास शून्य. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलायची सोय नसते, फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, बदलता येतो. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी मध्यापासून सरकलेल्या दांड्याचा कॅम्बर बोल्ट घातला की अंश-दीड अंश मिळतो. दोन्हीकडे उणे १.३ केला. गाडी झुकते तेव्हा मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाकही जवळजवळ तेवढंच बाहेर कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. आधीच थोडा आत कललेला असेल तर ऐन वळणात तो सपाट बसतो. कॅम्बर हलला की टोही हलतो, म्हणून आधी कॅम्बर, नंतर टो. टो शून्य ठेवला. मध्ये तीन आठवडे चाकं किंचित बाहेर तोंड करून पाहिली. स्टेअरिंग फार चपळ झालं, पण ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी सारखी इकडे-तिकडे हुंगत चालायची. पुन्हा शून्यावर आणला.

फेरी १०.३. आतली कड झिजेल अशी भीती सगळ्यांनी घातली होती. १०,००० किलोमीटरनंतर खाच मोजली तेव्हा पुढच्या टायरची आतली बाजू ५.४ आणि बाहेरची ५.६ मिलिमीटर होती. आधीच्या संचाची बाहेरची कड तर पार गुळगुळीत झाली होती. टायर खातो तो बिघडलेला टो. एवढ्या कॅम्बरने टायर वाया जात नाहीत.

पाचव्या महिन्यात मी गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या. दिसायला सुंदर, चाकाच्या कमानीतली पोकळी गेली, शेजारी थांबून पाहायचे. सात आठवड्यांनी काढून टाकल्या.

गाडी खाली बसली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचललेला राहतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, तो रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारी ताकद वाढते आणि कडक स्प्रिंगचा बराचसा फायदा तिथेच खर्च होतो. शिवाय टाय रॉडचा कोन बिघडतो, त्यामुळे एका चाकाखाली उंचवटा आला की चाक आपणहून थोडं वळतं. गुळगुळीत मैदानावर वेळ तेवढाच राहिला, १०.३. पण माझ्या रोजच्या वाटेवर एक डावं वळण आहे, त्याच्या ऐन पोटात डांबर उचललेलं आहे. तिथे स्ट्रट रबरी थांब्यावर आदळायचा, टायर क्षणभर सुटायचा आणि गाडी हातभर बाहेर फेकली जायची. मूळ स्प्रिंगवर तेच वळण निमूट पार व्हायचं. आर्मचा कोन सुधारणारे वेगळे बॉल जॉइंट काही गाड्यांना मिळतात. ते घेणार नसाल तर रस्त्यावरची छोटी गाडी खाली बसवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

मूळ स्प्रिंग परत घातल्या आणि त्यांच्याबरोबर चारही शॉक ॲब्सॉर्बर नवे, थोडे कडक. वर्तुळात याचा काहीच फरक दिसणार नव्हता, कारण शॉकचं काम गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना असतं. नागमोडी वाटेवर पूर्वी गाडी डावीकडे झुकायची, परत यायची, पुन्हा एकदा हेलकावा खायची आणि मग पुढचं वळण घ्यायची. तो मधला हेलकावा गेला. गतिरोधकावर हळू जाताना मात्र आता जास्त जाणवतं. मागच्या सीटवरच्या माणसाला विचाराल तर तो हेच आधी सांगेल.

शेवटचा बदल मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं रोखणारा दांडा. पुढची चाकं ऐकत नसतील तर मागे बार का घालायचा, हे मला नीट कळायलाच बराच काळ लागला. टायरवर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणात आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर जातं आणि हे जितकं जास्त, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. मागची बाजू ताठ केली की वजनाच्या या अदलाबदलीचा मोठा वाटा मागची जोडी उचलते आणि पुढच्या जोडीवरचा ताण उतरतो. पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय वळणात मागचं आतलं चाक हवेत उचलून जाते, तिथेही मागच्या बाजूने वाट्यापेक्षा जास्त भार घेतलेला असतो. बारची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० चा बार २२ मिलिमीटरचा केला तर ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून जाडी निवडताना हात आखडताच ठेवावा. माझ्या बारला लिंक जोडायला दोन भोकं आहेत, एक कडक आणि एक मऊ. मी कडक भोकात घातला.

फेरी १०.२. कागदावर फक्त दशांश सेकंद. पण त्याच वर्तुळात स्टेअरिंग जवळजवळ अर्ध्या हाताने कमी वळवावं लागत होतं. वळणात शिरताना नाकाचं ते रेंगाळणं संपलं. ॲक्सिलरेटर थोडा कमी केला की नाक आत येतं, थोडा दिला की रेष रुंदावते. उजव्या पायाने वळण आखता येतं, हे या गाडीत मी पहिल्यांदा अनुभवलं.

त्याची दुसरी बाजू मैदानावरच पाहून घेणं गरजेचं होतं. वळणात पाय एकदम उचलला की वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर येऊ शकतो. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय याच स्वभावासाठी ओळखली जाते. माझी गाडी धाकटा भाऊही चालवतो, त्यामुळे बार बसवल्यावर किल्ली देण्याआधी त्याला मैदानावर नेलं. मैदान पाणी मारून ओलं केलं आणि त्याला सांगितलं, वर्तुळात ४० वर ये आणि मध्येच पाय उचल. त्याने उचलला. गाडीचा मागचा भाग सुटला, पाऊण वळसा घेऊन आम्ही उलट्या तोंडाने थांबलो. काही क्षण तो स्टेअरिंग धरून तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "दादा, मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं."

मी तिथेच गाडीखाली शिरलो आणि दोन्ही लिंक मऊ भोकात घेतल्या. पुन्हा पाणी मारलं आणि त्याला पुन्हा बसवलं. या वेळी पाय उचलल्यावर मागचा भाग हातभर सरकला आणि त्याने स्टेअरिंग सैल करताच सरळ झाला. त्याने तेच आणखी सहा वेळा केलं, शेवटच्या दोन वेळा माझ्याशी बोलत बोलत. कोरड्यावर फेरी आता १०.२५ च्या आसपास येते. बार मऊ भोकातच आहे.